ओझ्याखालचं माप

कडूबाईच्या घरात पाणी तीनदा वापरलं जाई. पहाटे नदीतल्या झिऱ्यावर नंबर लावून आणलेल्या घागरीतलं तांब्याभर पाणी तोंड धुवायला. ते तोंडावरून निथळायचं ते घमेल्यात, आणि त्यात चामड्याच्या वाद्या भिजत पडायच्या. वाद्या निघाल्या की उरलेलं तांबूस, उग्र वासाचं पाणी दारातल्या लिंबाला. त्र्याहत्तर सालचा चैत्र संपत आला होता, चकलांब्याच्या विहिरींनी तळ दाखवूनही दोन महिने झाले होते, पण कडूबाईचा लिंब हिरवा होता. येणारी-जाणारी माणसं त्याच्याकडं बघत. घराकडं मात्र कुणाची मान वळत नसे.

त्या दिवशी सकाळी तिनं रेशनच्या मिलो ज्वारीची एक भाकरी थापली. लाल, चिवट भाकरी. थंड झाली की तिच्यात आणि वहाणेच्या तळात फरक फक्त चवीचा, असं तीच म्हणायची. अर्धी खाल्ली, अर्धी दुपारला झाकून ठेवली आणि दगडापुढं बसून भिजलेला तळ ठोकायला घेतला.

ठोकल्याशिवाय चामडं घट्ट होत नाही. नवरा होता तेव्हा सकाळ-संध्याकाळ दोघं या एकाच दगडाशी समोरासमोर बसत. एक ठोका बंकटचा, एक तिचा. बोलायचं काही नसलं तरी ते चालूच राही. बंकट जाऊन दोन वर्षं झाली, पण हाताला सवय जुनीच होती. एक ठोका टाकला की हात वरच थांबे, समोरचा ठोका पडायला लागेल तेवढा वेळ, आणि मगच खाली येई. पहिल्यांदा हे लक्षात आलं त्या दिवशी तिनं हट्टानं भरभर ठोकून पाहिलं होतं. तळ फाटला. तेव्हापासून ती हाताला त्याच्या मनासारखं करू देई.

काम नव्हतं असं नाही. बाजारतळावर चर्मकारांच्या सोसायटीचं पत्र्याचं शेड होतं. तिथं सात माणसं ओळीनं बसून काम करत. बंकटची जागा तिसरी. तो गेल्यावर सोसायटीनं त्याचं सभासदपण तिच्या नावानं केलं आणि चेअरमन अर्जुनराव यांनी मोठ्या मनानं ठरवलं की विधवा बाईला पुरुषांत बसायची वेळ आणायची नाही, तिचं काम तिला घरपोच मिळेल. मंगळवारी सोसायटीचा माणूस कापलेल्या पट्ट्यांचं गाठोडं ओसरीवर टाकून जाई, शनिवारी शिवलेलं उचलून नेई. सगळं गाव म्हणालं, बाईची सोय झाली.

कडूबाईला ती सोय नको होती. तिला त्या शेडात बसायचं होतं. एवढंच हवं होतं, आणि एवढंच तिला कुणाला सांगता येत नव्हतं. तीनदा ती बाजारतळापर्यंत गेली. शेडातून सात हातांचे ठोके येत, एकात एक मिसळून, मध्ये फट म्हणून नाही. ती ऐकत उभी राही, आणि कुणी बघितलंच तर ‘सुई मोडली, नवी न्यायला आले’ म्हणून एक सुई घेऊन परत येई. घरात न मोडलेल्या तीन सुया जास्तीच्या होत्या.

तर त्या सकाळी दाराची कडी वाजली. शेजाऱ्याची शेळी शिंगं घासत असेल म्हणून कडूबाईनं लक्ष दिलं नाही. गाठोड्याचा माणूस ओसरीवरूनच परते; तिच्या दाराशी दोन वर्षांत येणारं पाहुणं तेवढंच होतं. कडी पुन्हा वाजली, आणि शेळी ‘काकू’ म्हणाली.

दारात त्रिंबक उभा होता, सोसायटीचा सेक्रेटरी. मॅट्रिक झालेला, खिशाला पेन, आणि आज खांद्यावर पोतं. गाठोडं आणायचं काम त्याचं नव्हे, आणि वार तर गुरुवार. त्यानं पोतं ओसरीवर पालथं केलं. वहाणांचा ढीग पडला. चाळीस जोड, सगळे सारखे, सगळे धुळीनं माखलेले, काहींचे अंगठे तुटलेले.

त्रिंबकनं सांगितलं ते असं. दोन कोसांवर पाझर तलावाचं काम चालू होतं. मुरूम तापून तव्यासारखा होई, बायांचे पाय भाजत, म्हणून तिथल्या साहेबानं सोसायटीला दोनशे जोड वहाणांचं काम दिलं होतं. पहिले चाळीस गेल्या आठवड्यात गेले. बायांनी एक दिवस घातले, दुसऱ्या दिवशी काढून बांधाला ठेवले आणि पुन्हा अनवाणी पाट्या वाहायला लागल्या. साहेब म्हणाला, आठ दिवसांत पायाला बसतील अशा द्या, नाही तर शहरातून रबरी मागवतो.

“आन् रबरी आल्या की आपल्या शेडला कुलूप,” त्रिंबक म्हणाला. “दुसरं कामच न्हाई काकू. ह्या साली वहाण कोन शिवून घेतंय? अर्जुनभाऊ म्हनले, बंकटच्या घरी जा, तिला दाखीव.”

कुलूप म्हटल्यावर कडूबाईच्या डोळ्यांपुढं ती तिसरी जागा आली. जिथं बसायचं ती मागायचा धीर होत नव्हता, आणि आता ती जागाच राहते की नाही अशी वेळ.

तिनं एक वहाण उचलली. आधी उलटी केली. टाचेकडची कड दबून मोडली होती, म्हणजे टाच बाहेर पडत होती. करंगळीकडच्या पट्ट्यातून बोट फिरवलं. आत काळं, वाळलेलं काहीतरी खरखरलं. ते रक्त होतं. दुसरी घेतली, तिसरी घेतली. चाळीसही जोड एकच गोष्ट सांगत होते.

“मापं कुनी घेतली?”

त्रिंबकनंच घेतली होती. सकाळच्या हजेरीला कागद आणि पेन्सिल घेऊन गेला, एकेकाला खाली बसवून पाय कागदावर ठेवून रेघ मारली. नीट, शाळेत नकाशा काढावा तशी.

“बायांची?”

तो म्हणाला, बाया कुठं पुढं येतात. पदर ओढून मागं सरतात. मुकादम रामकिसन म्हणाला, पुरुषाच्या मापाचं बायांना दोन बोटं कमी धरा, जगात तसंच असतं. तसं धरलं.

कडूबाईला हसू फुटलं. ते इतक्या दिवसांनी फुटलं की तिचं तिलाच विचित्र वाटलं. बंकट म्हणायचा, पाय सकाळी खोटं बोलतो आणि संध्याकाळी कबूल करतो. रात्रभर आडवा पडलेला पाय सकाळी आवळून, शहाण्यासारखा असतो. दिवसभर उन्हात उभा राहिला की सुजतो, पसरतो. आणि डोक्यावर ओझं आलं की बोटं हाताच्या पंजासारखी फाकतात. बंकट हमालाच्या वहाणेचं माप घेताना त्याच्या पाठीवर पोतं देऊनच घ्यायचा. लोक हसायचे, वहाणा मात्र त्याच्याकडूनच न्यायचे. आणि या तर बसलेल्या पुरुषांच्या सकाळच्या पायांवरून अंदाजानं कापलेल्या, दिवसभर पाटी वाहणाऱ्या बायांच्या वहाणा.

“मी येते तिथं,” ती म्हणाली.

“तुमी कावून एवढ्या उन्हाचं? सांगा कशी घ्यायची, मी मापं आनून देतो.”

“आनलीस की,” ती ढिगाकडं बघून म्हणाली.

त्रिंबकनं रिकामं पोतं गुंडाळलं.

दुपार कलताना ती निघाली. जवळ सुतळीचा गुंडा, कोळशाचा तुकडा आणि जुनी वर्तमानपत्रं. तलावाचं काम लांबूनच दिसलं. मुंग्यांची रांग वारुळावर चढावी तशी बायांची रांग भरावावर चढत होती. जवळ गेल्यावर कळलं की त्या रांगेत कुणाचं शेत किती आणि कुणाचा वाडा केवढा हे आता ओळखू येत नाही. सगळ्यांच्या डोक्यावर सारखी पाटी, सगळ्यांच्या तोंडावर सारखी धूळ.

ती वहाणा शिवणारी आहे कळताच रांगेतून टोमणे आले. त्यात पुढं तुळजाबाई, पन्नाशीची, काटक. तिचा नवरा मागच्या साली काम बघायला म्हणून गेलेला, त्याचा पत्ता नव्हता.

“तुमची वहाण घातली बाई एक दिवस,” तुळजाबाई म्हणाली. “सासूनं इतकं चावलं न्हवतं.”

बाया हसल्या. कडूबाईनं बांधाच्या सावलीत कागद अंथरला आणि तिलाच पहिली बोलावली. तुळजाबाई पाटी उतरवायला गेली तशी कडूबाई म्हणाली, पाटी राहू दे, भरलेली राहू दे, आहे तशीच उभी राहा. मग पुन्हा हशा. पण तुळजाबाई उभी राहिली. कडूबाईनं कोळशानं पायाभोवती रेघ ओढली, चवड्याभोवती सुतळी फिरवून गाठ मारली, अंगठ्याच्या मुळाशी दुसरी, घोट्यापुढं तिसरी. मग पाटी उतरवायला लावून त्याच पायावर सुतळी परत धरली. गाठ अर्धं बोट सरकली. ती दोन्ही मापं तिनं तुळजाबाईला दाखवली.

तुळजाबाई आपल्याच पायाकडं बघत राहिली. “म्हंजी मी पाटीखाली येगळीच हाय की,” ती म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून, “बरं, नीट कर गं ह्या बारीला. घरातला जोडा तर गेला निघून. पायातला तरी टिकू दे.”

कडूबाई हसली, आणि हसू संपल्यावर सुतळी थोडा वेळ नुसतीच हातात धरून बसली. जोडा म्हणजे वहाणा आणि जोडा म्हणजे नवरा-बायको, हा विनोद त्यांच्या आळीत शंभर वेळा होऊन गेलेला. पण तो असा दुसऱ्या बाईच्या तोंडून, उन्हात, समोरासमोर ऐकून तिला दोन वर्षं झाली होती.

एकेक करत बाया येत गेल्या. तिच्या लक्षात आलं, आपण बोलतोय. कुणाची टाच भेगाळली तर मेण आणि तेल सांगतोय, कुणाच्या अंगठ्याला गाठ तिला वादी बाजूला घेऊ म्हणतोय. घसा दुखायला लागला तेव्हा कळलं की आज एका दिवसात दोन महिन्यांचं बोलणं झालं.

शेवटी एक तरुण बाई राहिली, डोळ्यांपर्यंत पदर ओढलेली. गीताबाई. वरच्या आळीतल्या जमीनदार घरची सून; पाय बघूनच कळत होतं की अनवाणी चालायची वेळ या वर्षीच आली. तळव्याला फोड आणि फोडावर फोड. ती जवळ आली, पण पाय पुढं करेना.

“तुमी माज्या आईएवढ्या,” ती खाली बघत म्हणाली. “तुमच्या हातात पाय कसा देऊ?”

हे वाक्य कडूबाईनं जन्मभर ऐकलं होतं, वेगवेगळ्या आवाजांत. वरच्या आळीत वहाण हातात द्यायची नसे, उंबऱ्याबाहेर ठेवायची असे; वरून पाणी शिंपडून मग आत जाई. त्या घरांतही बायका असंच गोड बोलत आणि पाय मागं घेत. ही मुलगी त्यातली की खरंच मोठेपण मानणारी, हे त्या पदरातून दिसत नव्हतं. कडूबाईनं कागद पुढं सरकवला. मग म्हणाली, “हातात नको देऊ. कागदावर दे. मी कागद धरते.”

मुलीनं पाय कागदावर ठेवला. डोक्यावर भरलेली पाटी, एक पाय पुढं, त्यात तळव्याचे फोड. ती डगमगली, आणि तोल सावरायला तिचा हात खाली आला तो कडूबाईच्या खांद्यावर. कडूबाईनं मान वर केली नाही. कोळशाची रेघ तिनं सावकाश ओढली, सुतळीच्या तिन्ही गाठी सावकाश मारल्या. हात खांद्यावर तसाच होता. माप झाल्यावरही तिनं एक गाठ सोडून पुन्हा मारली.

पुढचे दिवस कसे गेले ते कळलं नाही. कागदांवरून तिनं तळ कापायचे तीन फर्मे काढले: अरुंद, मध्यम आणि पसरट. लांबी पुरुषांपेक्षा एक बोटच कमी, रुंदी मात्र त्यांच्याएवढीच. शेडात तळ कापले गेले आणि बांधायला तिच्याकडं आले. अंगठ्याची वादी तिनं मधोमध न ठेवता किंचित आत घेतली, तिची गाठ तळाखाली नेली, म्हणजे बोटांत टोचणार नाही. करंगळीकडच्या पट्ट्याला आतून शेळीच्या मऊ कातड्याचं अस्तर लावलं. बंकटच्या डब्यात तळाशी एरंडेल राहिलं होतं. दोन वर्षं ते तिनं राखून ठेवलं होतं, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. ते तिनं अंगठ्यानं प्रत्येक घडीवर जिरवलं, डबा कोरडा होईपर्यंत.

शेवटी पट्ट्यावर एक बारीक वेणी. त्रिंबक बघून म्हणाला, मजुरांच्या वहाणांना नखरा कशाला काकू, वेळ जातोय. ती म्हणाली, दोनशे जोड सारखे झाले तर दुपारच्या सुट्टीनंतर पायात कुणाचा कोण येईल? एका टोळीची वेणी तीन पदरी, दुसरीची चार पदरी, तिसरीची पिळाची. आणि दिसायला बरी दिसते, हेही होतंच. ते तिनं सांगितलं नाही.

सातव्या दिवशी दहा जोड घेऊन ती पुन्हा तलावावर गेली. साहेब, मुकादम आणि त्रिंबक बांधावर उभे. बायांना तिनं आधी सांगून घेतलं: उन्हात वाळवायच्या नाहीत, चुलीजवळ तर मुळीच नाहीत, घरी गेल्यावर धूळ फडक्यानं पुसायची, भाकरी थापताना हाताला तेल लागलं तर तेवढंच बोट वादीवरून फिरवायचं. “कुठलं तेल,” कुणीतरी म्हणालं. मग सगळ्या त्यावरही हसल्या.

तुळजाबाईनं वहाणा घातल्या, पाटी घेतली, भराव चढून गेली. पाटी ओतून खाली आली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं वहाणा न काढता दुसरी पाटी भरून घेतली आणि पुन्हा चढली. तिसऱ्या खेपेला साहेब तिथून निघून गेला. जाताना त्रिंबकला म्हणाला, बाकीचे लवकर आणा. गीताबाई परतताना कडूबाईजवळून गेली आणि पदराआडून हळूच म्हणाली, “चावत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी अर्जुनरावांनी कडूबाईला शेडात बोलावलं. ती बोलावल्यामुळं आली होती, सुईसाठी नव्हे, तरी उंबऱ्यापाशी तिची पावलं अडली. आतले सात हात तिला बघून थांबले. तिसऱ्या जागेवर आता बंकटचा पुतण्या बसत होता. त्याच्या शेजारी, दाराच्या बाजूला, कापलेल्या तळांची चळत ठेवली होती. ती हलवली तर एका माणसापुरती जागा होती. हे तिनं पहिल्या नजरेत पाहून घेतलं.

अर्जुनराव उठून उभे राहिले. भल्या मनाचा माणूस. म्हणाले, वहिनी, शेड तुमच्यामुळं राहिलं. पुढच्या सभेत सगळ्यांसमोर साडी-चोळी आणि नारळ द्यायचा असं ठरलंय. दोनशे जोडांचं सगळं माप आणि बांधणी यापुढं तुमच्याच हाताखाली.

“आन् तुमाला हितवर यायची तसदी न्हाई,” ते पुढं म्हणाले. “आता आठवड्यातून दोनदा माणूस धाडतो घरी. बसल्या जागी सगळं पोचंल. आनखी काय पायजे ते सांगा. लाजू नका.”

सगळे तिच्याकडं बघत होते. त्रिंबकनं वहीत लिहून घ्यायला खिशातलं पेन काढलं. कडूबाईनं पदर सारखा केला. तोंडाशी सुईचीच मागणी आली होती, सवयीनं. ती तिनं गिळली.

“अर्जुनभाऊ, काम घरी धाडू नका,” ती म्हणाली. “मला हितं तुमच्यात बसून करू द्या. दाराजवळ चालंल.”